पीएचचं पेन, केएचचे थेंब आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या: भांडुपच्या टँकमधले दहा महिने

दिवाळीच्या बोनसमधून माशांच्या टँकसाठी पीएचचं (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारं) पेन घेतलं, त्याला आता दहा महिने झाले. त्यातले पहिले दोन महिने मी त्या पेनाचा नोकर होतो. उठल्यावर दात घासायच्या आधी एकदा बुडवायचं, ऑफिसला निघताना एकदा, आल्यावर, जेवल्यावर, झोपताना. वहीत तारीख, वेळ, आकडा. बायको एकदा म्हणाली, "बाबांची शुगर इतक्या वेळा तपासली असतीस तर डॉक्टर खूश झाले असते."

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढे वाचायला नको. पेनाला पाचपैकी अडीच. पाण्याचा केएच (पीएचला धरून ठेवणारा साठा) मोजणाऱ्या थेंबांच्या किटला पाचपैकी पाच. 'पीएच डाउन' नावाच्या ऍसिडच्या बाटलीला शून्य, आणि तेही मी सौजन्यानं देतोय. आणि ज्याच्यासाठी एक रुपया खर्च झाला नाही त्या दोन गोष्टी सगळ्यांच्या वर: आईच्या स्वयंपाकघरातल्या तिसऱ्यांच्या (समुद्री खाण्यातला एक प्रकार) शिंपल्या आणि आमचे वॉचमन काका.

टँक साधा आहे. दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. कागदावर सत्तर लिटर, पण माती, लाकूड, दगड वजा करता पाणी पंचावन्न लिटरच भरतं. खाली झाडांसाठीची काळी ॲक्टिव्ह सॉइल. मागे रोटाला, मध्ये क्रिप्टोकोरिन, लाकडाला बांधलेलं अनुबियस आणि जावा फर्न. पंधरा निऑन टेट्रा, सहा कोरी, थोडे चेरी श्रिम्प. छोटा कॅनिस्टर फिल्टर, आणि झाडांसाठी टायमर लावलेला सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर. मासे आणि बरीचशी झाडं कुर्ल्याच्या बाजारातून आणली, थोडी क्रॉफर्ड मार्केटमधून.

आता पेन. खोक्यात बफर पावडरीच्या दोन पुड्या येतात, एक ६.८६ ची आणि एक ४.०१ ची. एकेक पुडी २५० मिली पाण्यात विरघळवून पेन त्यात बुडवायचं आणि आकडा जुळवून घ्यायचा. हे पाणी डिस्टिल्ड हवं. मी पहिल्यांदा घरच्या फिल्टरचं वापरलं आणि आठवडाभर चुकीच्या आकड्यांवर डोकं आपटलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते पाणी कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याकडे मिळतं, ते चालतं. दुसरी गोष्ट म्हणजे पेनाच्या टोकाशी जो काचेचा फुगा आहे तो कधीही कोरडा पडू द्यायचा नाही. टोपणात पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे चार थेंब असले पाहिजेत. अनेक जण स्वच्छ म्हणून आरओचं पाणी भरून ठेवतात, त्यानं तो लवकर बाद होतो. माझं पेन मार्चमध्ये चार दिवस टोपणाशिवाय पडलं होतं (मुलीनं 'ताप मोजायला' घेतलं होतं), तेव्हापासून ते पंधरा दिवसांत ०.२ नं सरकतं. आधी महिनाभर टिकायचं.

आणखी एक. आपल्या मुंबईच्या मऊ पाण्यात हे पेन फार आळशी असतं. क्षार कमी असले की आकडा स्थिरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. मी सुरुवातीला पंधरा सेकंदांत आकडा टिपून मोकळा व्हायचो. म्हणजे पहिल्या महिन्याची अर्धी वही कचराच.

पण चूक पेनाची नव्हती. मी मोजत होतो तेच मुळात दुय्यम होतं, हे कळायला एक बाटली रिकामी व्हावी लागली.

निऑनला आम्लधर्मी पाणी आवडतं असं सगळीकडे वाचलेलं. डिसेंबरात पेन ७.४ दाखवत होतं. दुकानदारानं पीएच डाउन दिलं. रात्री मापानं घातलं, तासाभरात ६.६. खूश होऊन झोपलो. सकाळी ७.२. परत घातलं, परत ६.६, परत सकाळी ७.१. असं पाच दिवस मी आणि ते पाणी एकमेकांशी कबड्डी खेळत होतो. सहाव्या दिवशी सकाळी पेन म्हणालं ५.७, आणि ते काही केल्या वर यायला तयार नाही. कोरी मासे वरखाली धावत होते, श्रिम्प फिल्टरच्या पाइपवर चढून बसले होते.

काय झालं ते नंतर समजलं. पाण्यात बायकार्बोनेट असतं, त्याच्या मापाला केएच म्हणतात. आपण ऍसिड ओततो तेव्हा ते आधी या बायकार्बोनेटला खातं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो पाण्यात असेपर्यंत पीएच खाली दिसतो. रात्रभरात वायू उडून गेला की पीएच वर येतो, आपल्याला वाटतं औषध कमी पडलं. पण प्रत्येक डोसमागे केएच थोडा थोडा संपत असतो. त्यात खालची ॲक्टिव्ह सॉइलही केएच ओढून घेते, ती बनवलेलीच त्यासाठी असते. ज्या दिवशी केएच शून्यावर येतो त्या दिवशी पाण्याला धरून ठेवणारं काही उरत नाही, आणि पुढचा थेंब थेट तळ गाठतो. पेन पाचही दिवस खरं बोलत होतं, पण तळाशी किती उरलंय हे सांगणं त्याचं कामच नाही.

त्या दिवशी खायच्या सोड्यानं वाचवलं. पंचावन्न लिटरला केएच एक अंशानं वाढवायचा तर साधारण दीड ग्रॅम सोडा लागतो, चहाच्या चमच्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. मगभर पाण्यात विरघळवून तीन-चार तासांत थोडा थोडा घातला. एकदम घातला असता तर पीएच तितकाच वेगानं उलटा उडाला असता. सोडा प्रथमोपचार म्हणून ठीक आहे. रोजचा उपाय म्हणून नको, कारण सोडियम साठत जातं.

दुसऱ्या दिवशी एपीआय कंपनीचं जीएच-केएच (कठीणपणा आणि केएच मोजायचं) किट मागवलं. पेनापेक्षा महाग पडलं, पण दहा महिन्यांतली सगळ्यात शहाणपणाची खरेदी तीच. नळीत ५ मिली पाणी घ्यायचं, थेंब टाकायचा, हलवायचं. पाणी निळं होतं. निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे. जितके थेंब तितका केएच. बॅटरी नाही, बफर नाही, लहान मुलालाही जमतं. केएच कमी असेल तर ५ ऐवजी १० मिली पाणी घ्यायचं, मग एक थेंब म्हणजे अर्धा अंश. आमच्या नळाला तीन थेंब लागायचे, टँकला एक.

नळाला तीनच का, त्याचं उत्तर नकाशात आहे. मुंबईचं पाणी येतं भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा या धरणांतून आणि थोडंसं विहार-तुळशीतून. सगळं पावसाचं, सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून वाहून आलेलं. त्या कातळात चुनखडी नाही, त्यामुळे पाणी मऊ. झाडांना आणि टेट्रांना एकदम छान. फक्त त्यात राखीव असा केएच फार नसतो.

सीओटूबद्दल थोडक्यात. दिवे लागायच्या तासभर आधी सिलिंडर सुरू होतो, दिवे जायच्या तासभर आधी बंद. त्यामुळे माझा पीएच रोज सकाळी ६.८ आणि संध्याकाळी ६ असा वरखाली होतो. डिसेंबरमधला मी असतो तर हे बघून झोपलो नसतो. पण हा फरक फक्त विरघळलेल्या वायूचा, क्षार जिथल्या तिथे असतात, आणि माशांना त्याचं काहीही वाटत नाही. केएच आणि पीएच दोन्ही माहीत असतील तर वायूचं प्रमाण काढता येतं: केएचला ३ नं गुणायचं, मग पीएच ७ पेक्षा जितका खाली तितक्या दहाच्या घातानं परत गुणायचं. केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर साधारण ३० पीपीएम, झाडांना तेवढा पुरतो. पाण्यात पीएच डाउन घातलं असेल किंवा भरपूर बदामाची पानं टाकली असतील तर हे गणित खोटं पडतं, कारण त्यांची आम्लं मध्ये लुडबुड करतात. म्हणून काचेचा ड्रॉप चेकर लावलाय, त्यात ४ केएचचं वेगळं द्रावण. हिरवं दिसलं की ठीक, पिवळं म्हणजे वायू जास्त, निळं म्हणजे कमी. तो दोन तास उशिरानं बोलतो एवढं लक्षात ठेवायचं.

फेब्रुवारी ते एप्रिल मजेत गेले. रोटालाला गुलाबी शेंडे आले, श्रिम्पना पिल्लं झाली. वहीत लिहिणं बंद झालं. आणि मग मे महिना आला.

मे महिन्यातला रविवार. सकाळी रोटाला उपटून छाटली, शेंडे परत लावले. मातीचा काळा धूर उठला, म्हणून म्हटलं आज नेहमीच्या वीस-पंचवीस टक्क्यांऐवजी निम्मं पाणी बदलू. बादल्या भरल्या, हायपोचे खडे टाकून क्लोरीन मारलं, तापमान हातानं बघितलं, सगळं शिस्तीत. बाराच्या सुमाराला टँक इतका स्वच्छ दिसत होता की फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

चार वाजता निऑनच्या निळ्या पट्ट्या फिक्या पडलेल्या. सगळे एका कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थराशी, कल्ल्यांची उघडझाप जोरात. पेन बुडवलं: ७.८. सकाळी ६.८ होतं. थेंबांचं किट काढलं. टँकचं पाणी सहा थेंबांनी पिवळं झालं. मग मोरीत जाऊन नळाचं पाणी घेतलं. तीन थेंब, निळं. चार, पाच, निळंच. मला वाटलं बाटली खराब झाली. आठ, नऊ, दहा. अकराव्या थेंबाला पिवळं झालं.

खाली गेलो. वॉचमन काका खुर्चीत बसून पेपर वाचत होते. "काका, पाणी कुठलं चाललंय?"

"कालपासून टँकरचं. पालिकेचं प्रेशरच नाही ना. रात्री दोन आले, सकाळी एक."

भांडुपचं जलशुद्धीकरण संकुल आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. अर्ध्या शहराचं पाणी आमच्या उशाशी शुद्ध होतं आणि आम्ही कुठल्या तरी बोअरचं पाणी विकत घेतो, याबद्दल सोसायटीच्या सभेत बोलून झालंय, इथे नको.

माशांचं काय झालं ते सांगतो, कारण मला ते आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. मी एका तासात पाण्याचे क्षार कित्येक पटींनी वाढवले, आणि मऊ पाण्यात राहिलेल्या माशाच्या शरीराला हा बदल पेलत नाही. दुसरं म्हणजे, माती उकरल्यामुळे त्यातला अमोनियम पाण्यात आला होता. पीएच सातच्या खाली असेल तर तो बहुतेक निरुपद्रवी रूपात राहतो. पीएच एक अंकानं वर गेला की त्यातला विषारी अमोनिया साधारण दहापट होतो. ६.५ ला आपल्याकडच्या तापमानात हा भाग अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो, ८ ला सहा-सात टक्क्यांवर जातो. पाणी तेच, अमोनियम तेवढाच. आकडा सरकला आणि त्याचं विष झालं.

हात शिवशिवत होते पीएच डाउनकडे. सुदैवानं बाटली जानेवारीतच फेकली होती. एअर पंप लावला, दिवे बंद, खाणं बंद. सीओटू त्या दिवशी सुरूच केला नाही. मुलुंडला मामांकडे पालिकेचं पाणी येत होतं. त्यांच्याकडून वीस-वीस लिटरचे दोन कॅन रिक्षात घालून आणले. रिक्षावाल्यानं विचारलं, "घरी लग्न आहे का?" माशांसाठी पाणी नेतोय हे सांगायची हिंमत झाली नाही. रोज पाच लिटर काढायचं, पाच लिटर हळूहळू, सलाइनसारखं थेंबाथेंबानं सोडायचं. खाली आणायलाही घाई करायची नव्हती.

सोमवारी रात्रीपर्यंत सात निऑन गेले. कोरी सगळे वाचले. श्रिम्प पुढचे दहा दिवस एकेक करून कात टाकताना अडकून मरत राहिले.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) पेन घेतलं. हे पीएचच्या पेनापेक्षा स्वस्त, सांभाळायला सोपं आणि दहा सेकंदांत उत्तर देतं. आमच्या नळाला पालिकेचं पाणी असेल तर शंभराच्या आत आकडा येतो, टँकरच्या दिवशी साडेपाचशे-सहाशे. बादली भरायच्या आधी एकदा बुडवायचं, बस्स. दुसरी म्हणजे शनिवारी रात्री खाली जाऊन काकांना विचारायचं. आता मला बघितलं की तेच लांबून हात हलवतात. अंगठा वर म्हणजे पालिकेचं. आडवा हात म्हणजे टँकर, मग त्या आठवड्यात पाणी बदल रद्द, फक्त बाष्पीभवनाची भर. तीही आमच्या टँकर-आठवड्यात नळाची नाही. उन्हाळ्यात टँकवर पंखा लावला की रोज लिटरभर पाणी उडतं, पण क्षार उडत नाहीत. वरून परत क्षारवालं पाणी घालत राहिलं तर महिन्याभरात कठीणपणा गुपचूप चढतो. म्हणून भर बॅटरीवाल्याच्या पाण्याची.

राहिला प्रश्न टँकमधल्या केएचचा. नेहमीचा एक थेंब म्हणजे फारच थोडी शिल्लक, डिसेंबर परत व्हायला वेळ लागला नसता. केएच वाढवायला लोक फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा घालतात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळाला संरक्षण आहे, आणि दुकानातल्या विनालेबलच्या पुडीत काय आहे हे कोण सांगणार? मी हे जेवताना बोलत होतो. आई तिसऱ्या साफ करत होती. म्हणाली, "शिंपल्याच हव्यात ना? मग ह्या काय आहेत?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे तिसऱ्या एकशिपी करतात. कच्च्या असतानाच विळीवर उघडायच्या, मांस एका शिंपीत ठेवायचं, दुसरी रिकामी शिंपी टाकून द्यायची. म्हणजे त्या टाकायच्या शिंपीला तेल, मसाला, खोबरं काही लागलेलंच नसतं. निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. मी त्या वीस मिनिटं उकळल्या, ब्रशनं घासल्या, गच्चीत दोन दिवस कडक वाळवल्या आणि खलबत्त्यात कुटल्या. तुरीच्या डाळीएवढे तुकडे हवेत. भुगा झाला तर तो फिल्टरच्या स्पंजात बसतो. मूठभर तुकडे लसणाच्या दुहेरी जाळीत बांधून कॅनिस्टरच्या शेवटच्या कप्प्यात ठेवले.

यातली खुबी अशी की शिंपला स्वतःच्या मर्जीनं विरघळतो. पाणी जितकं आम्ल तितका जास्त, पाणी सातच्या वर गेलं की जवळजवळ थांबतो. माप चुकलं म्हणून एका रात्रीत गोंधळ होत नाही. पहिल्या आठवड्यात काहीच फरक दिसला नाही, मी निराश. तीन आठवड्यांनी केएच तीनवर आला. जूनअखेर पाच झाला तेव्हा अर्धे तुकडे काढून टाकले. तेव्हापासून तीन-चारच्या मध्ये आहे. सकाळी पीएच ७.४, संध्याकाळी ६.५. झाडांनी तक्रार केली नाही, रोटालाचा गुलाबी जरा फिका पडला एवढंच. नंतर आणलेल्या आठ निऑनपैकी आठही आहेत.

पावसाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुलैत नळाला गढूळ पाणी येतं, क्लोरीनचा वास वाढतो, हायपो थोडा जास्त लागतो. गाळ बसवायला तुरटी वापरली की ती केएच खाते. माझ्या नळाचा केएच जुलैत तीनवरून दोनवर आला होता, कारण तुरटी की पावसाचं ताजं पाणी, ते मी ठरवू शकत नाही. टँकमध्ये मात्र शिंपल्यांनी तो फरक जाणवूच दिला नाही.

कुणी विचारलं तर मी सांगेन: आधी केएचचं किट घ्या, मग टीडीएसचं पेन, पैसे उरले आणि हौस असली तर पीएचचं. सीओटू नसेल तर तेही नको. ॲक्टिव्ह सॉइल परत घेईन का? बहुधा नाही. वर्षभरात तिची केएच ओढायची ताकद संपत जाते, तेव्हा शिंपल्या आणखी कमी कराव्या लागतील आणि मला परत वही काढावी लागेल.

सध्या टँकपेक्षा घरातलं राजकारण जास्त अस्थिर आहे. श्रावण लागायच्या आधी आईनं एकदम दोन किलो तिसऱ्या आणायला सांगितल्या. महिनाभर खायच्या नाहीत तर आत्ता इतक्या कशाला, असं बायकोनं विचारलं. आई शांतपणे म्हणाली, "टँकला लागतात." शिंपल्यांचा डबा आता गच्च भरलाय, दोन वर्षं तरी पुरेल. आईला अजून सांगितलेलं नाही.